‘३८३’ म्हणून गळ्यात मारलेले इंजिन

डेट्रॉइट आणि त्याच्या आसपासच्या उपनगरांत वाहन उद्योगात नोकरी करणाऱ्या मराठी माणसांपैकी काहींना पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाड्यांचा नाद लागतो, आणि अशी गाडी एकदा दारात आली की तिच्या इंजिनाचे काय करायचे हा प्रश्न फार काळ टळत नाही. या प्रश्नाच्या आडून माझी जी फसवणूक झाली ती येथे सविस्तर लिहीत आहे, कारण ही रीत एकाच गॅरेजपुरती असेल असे मला वाटत नाही, आणि तिच्यातल्या बहुतेक गोष्टी पैसे हातचे जाण्याआधी तपासता येण्यासारख्या आहेत. गॅरेजचे नाव देत नाही. नंतर झालेल्या तडजोडीत तशी अट आहे.

गाडी १९७२ची शेव्रोले शेव्हेल. तिच्यात कारखान्यातून आलेले ३०७ घन इंचांचे व्ही-८ इंजिन होते आणि त्याची अश्वशक्ती १३०. त्या वर्षी कंपन्यांनी अश्वशक्तीचे आकडे ‘नेट’ पद्धतीने, म्हणजे एअर क्लीनर, एक्झॉस्ट, अल्टरनेटर असा सगळा संसार जोडून मोजलेले, द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे १९७०च्या जाहिरातींतल्या भरघोस आकड्यांशी त्यांची सरळ तुलना होत नाही. तरीही एवढ्या मोठ्या गाडीला १३० अपुरीच.

पर्याय तीन होते. जनरल मोटर्स ३५० घन इंचांचे, २९० अश्वशक्तीचे नवेकोरे, खोक्यात बंद येणारे ‘क्रेट’ इंजिन विकते. ते जुन्याच्या जागी जवळजवळ जसेच्या तसे बसते. दुसरा पर्याय त्याच कंपनीच्या एलएस जातीच्या, अलीकडच्या बनावटीच्या इंजिनाचा. हे घराणे १९९७च्या कॉर्व्हेटपासून सुरू झाले आणि पुढे पिकअप ट्रकमधून इतके पसरले की जुन्या ट्रकचे ५.३ लिटरचे इंजिन भंगारवाड्यात सहज मिळते. मात्र इंजिन स्वस्त मिळाले तरी वायरिंग, संगणक, जास्त दाबाचा फ्युएल पंप, वेगळे ऑइल पॅन आणि माउंट यांचा खर्च बघता बघता इंजिनाच्या किमतीला मागे टाकतो. तिसरा पर्याय ‘३८३ स्ट्रोकर’. शेव्रोलेच्या ३५०चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३.४८ इंच असतो. हाच ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा, तीस हजारांश इंच मोठा बोअर करून त्यात ४०० घन इंचांच्या इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरता दांडा) बसवला की क्षमता ३८३ घन इंच होते. बाहेरून दोन्ही इंजिने सारखीच दिसतात. सगळी फसवणूक उभी राहिली ती याच सारखेपणावर.

गॅरेजवाला बोलण्यात तरबेज होता आणि, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे, तो क्वचितच खोटे बोलला. क्रेट इंजिनाचे कॉम्प्रेशन जेमतेम ८ ला १ असते, असे तो म्हणाला. ते खरे आहे. एलएस बसवताना खर्च हाताबाहेर जातो, हेही खरेच. ३८३मध्ये मिनिटाला कमी फेऱ्या असल्यापासूनच भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो आणि रस्त्यावरच्या गाडीला तोच उपयोगी पडतो, यावर तर कोणाचेच दुमत नाही. त्याच्याकडे, त्याने जाहिरातही दिलेले, ‘नुकतेच बांधलेले’ ३८३ तयार होते: १९७०चा, बेअरिंग कॅपला चार बोल्ट असलेला ब्लॉक, ‘झीरो डेक’ करून, म्हणजे माथा तासून, घासलेला, पोर्ट केलेले (हवेच्या वाटा मोठ्या केलेले) हेड, ४२५ अश्वशक्ती आणि सोबत डायनोवरच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरच्या, चाचणीचा छापील तक्ता. किंमत ५,८०० डॉलर. स्टँडवर चढवलेल्या त्या इंजिनाला शेव्रोलेचा नारिंगी रंग ताजा मारलेला होता. ३८३बद्दल तो जे सांगत होता ते सगळे खरे होते, फक्त समोरचे इंजिन ३८३ नव्हते.

घाई करण्याचे निमित्तही त्याच्याकडे तयार होते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ साली सुरू झालेल्या या मेळ्याला जुन्या गाड्यांची एवढी गर्दी लोटते की जुलैमध्ये प्रत्येक गॅरेजवाला ‘आता नाही तर पुढच्या वर्षी’ असे सांगू शकतो, आणि तेही पुन्हा खोटे नसते. व्यवहाराची मांडणी त्याने दोन तुकड्यांत केली. इंजिन बसवण्याचे काम गॅरेजच्या नावावर, रीतसर लेखी अंदाजपत्रकासह; इंजिनाची विक्री मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर, ‘माझ्या खासगी संग्रहातले’ म्हणून. २,००० डॉलर आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डावर घेतली आणि उरलेले ३,८०० ‘कार्डाचा अधिभार वाचेल’ म्हणून ‘झेल’ने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेने) मागितले. मिशिगनमध्ये १९७४च्या कायद्याने वाहन दुरुस्तीच्या गॅरेजला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते आणि ग्राहकाला लेखी अंदाज द्यावा लागतो, परंतु इंजिन खासगी विक्रीत टाकले की त्या कायद्याचा हात तिथपर्यंत पोचवणे अवघड होते. विक्रीच्या पावतीवर ‘३८३’ हा आकडा कुठेच नव्हता. ‘स्मॉल ब्लॉक शेव्ही, ॲज इज’ एवढेच लिहिले होते.

गाडी सुरू झाली, आवाजही भारदस्त होता. पहिल्या काही आठवड्यांतच इंजिन तापल्यावर सिग्नलला थांबले की ऑइल प्रेशरचा काटा तळाला टेकू लागला आणि सकाळी चालू करताना निळसर धूर येऊ लागला. गॅरेजचे म्हणणे असे की नवे इंजिन ‘बसायला’ वेळ लागतो. दर हजार फेऱ्यांना साधारण १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब असा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. नव्या बेअरिंगांच्या इंजिनाने त्याच्या खाली जाण्याचे काहीच कारण नसते.

मग गाडी दुसरीकडे, एका जुन्या मशीन शॉपमध्ये नेली. तिथल्या वयस्क कारागिराने जे क्रमाने पाहिले ते मी जवळ उभा राहून पाहिले, आणि या लेखातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. त्याने आधी ब्लॉकच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या अंगाला, जिथे गिअरबॉक्स जोडला जातो त्या कडेवरचा ओतीव आकडा आरसा धरून वाचला: ३९७००१०. हा ब्लॉक ३५०चा खरा, पण १९६९पासून १९७०च्या दशकाच्या अखेरपर्यंत याच आकड्याचे ब्लॉक ओतले गेले आणि त्यांत दोन बोल्टचे व चार बोल्टचे असे दोन्ही प्रकार आहेत. म्हणजे या आकड्यावरून ‘चार बोल्ट’ ठरत नाही. ओतकामाची तारीख वेगळी असते: महिन्याचे इंग्रजी अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक. इथे तो अंक ७ होता, म्हणजे १९७७. जाहिरातीतले १९७० साल तिथेच गळाले.

पुढे त्याने उजव्या हेडच्या समोर ब्लॉकवर असलेली छोटी सपाट पट्टी कापडाने पुसली. कारखाना तिथे इंजिनाचा कोड ठोकतो. ‘झीरो डेक’ करताना ब्लॉकचा माथा यंत्रावर तासला जातो आणि तीच पातळी असलेल्या या पट्टीवरची अक्षरे सहसा त्याबरोबर निघून जातात. आमच्या इंजिनावर रंगाखाली अक्षरे ठळक होती आणि कारखान्यातल्या कटाईचे समांतर ओरखडेही शाबूत होते. हा ब्लॉक कोणी तासलेलाच नव्हता. हे सगळे स्टँडवरच्या इंजिनावर, हाताला काळे न लावता, टॉर्च आणि कापडाच्या जोरावर पाहता आले असते.

रॉकर कव्हर काढल्यावर हेडवर ३३३८८२ हा आकडा दिसला. प्रदूषण नियमांच्या काळातले, ७६ सीसीचे चेंबर असलेले हे हेड पातळ ओतकामामुळे तडकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. शक्ती वाढवू पाहणारा बांधणारा ते मुद्दाम निवडणार नाही. समोरचा हार्मोनिक बॅलन्सर, म्हणजे क्रँकच्या टोकावरची कंप शोषणारी चकती, साध्या ३५०चा, वजन न जोडलेला निघाला. ४०० पद्धतीच्या क्रँकचे बहुतेक ३८३ बाहेरून संतुलित केलेले असतात आणि त्यांच्या बॅलन्सरला वजनाचा भाग असतो, पण आतून संतुलित केलेले ३८३ही असतात, तेव्हा हा पुरावा नव्हे, संशय, असे कारागिराने स्वतःच स्पष्ट केले. त्याच्या या काटेकोरपणामुळे त्याचा अहवाल पुढे टिकला.

निकाल मोजपट्टीने लावला. हेड उतरवून पिस्टन वरपासून खालपर्यंत किती सरकतो ते मोजले: ३.४८ इंच. ३८३मध्ये ते ३.७५ हवे, म्हणजे जवळजवळ ७ मिलिमीटरचा फरक. इथे मोजणीतल्या चुकीला जागा नाही. बोअर होता जेमतेम ४ इंच आणि सिलिंडरच्या माथ्याला झिजेची कडा बोटाला लागत होती. बोअर केलेल्या सिलिंडरला अशी कडा राहत नाही. ऑइल पॅन काढल्यावर मधल्या बेअरिंग कॅपला दोनच बोल्ट होते. सारांश, एका जुन्या गाडीतून उतरवलेले, कधीच न उघडलेले ३५० धुऊन, रंगवून आणि नवी गॅस्केटे लावून विकले होते. हेड न उतरवता स्पार्क प्लगच्या भोकातून कांडी घालून स्ट्रोक मोजण्याचा सल्ला काही जण देतात. शेव्रोलेच्या या हेडमध्ये ते भोक तिरके असल्याने नेमका आकडा हाती लागत नाही, म्हणून विक्रेता हेड किंवा निदान ऑइल पॅन काढू देत नसेल तर इंजिन त्याच्याकडेच राहू द्यावे.

डायनोच्या तक्त्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण छापील कागदावर आपल्यासारख्या शिकलेल्या माणसाचा भरवसा चटकन बसतो. पौंड-फूटमधला टॉर्क गुणिले फेऱ्या, भागिले ५२५२, म्हणजे अश्वशक्ती. ३३,००० फूट-पौंड प्रति मिनिट ही एका अश्वशक्तीची व्याख्या आहे आणि तिला २π ने भागले की ५२५२ मिळतात, त्यामुळे हे सूत्र प्रत्येक ओळीला लागू पडलेच पाहिजे आणि ५२५२ फेऱ्यांवर दोन्ही आकडे एकच यायला हवेत. आमच्या तक्त्यातल्या ५००० फेऱ्यांच्या ओळीत टॉर्क ४०० आणि अश्वशक्ती ३८१, हिशेब जुळतो. पुढे ५५०० फेऱ्यांवर टॉर्क ३८० आणि अश्वशक्ती ४२५. गुणाकार केला की ३९८ येतात. म्हणजे तक्ता कुठल्यातरी दुसऱ्याच इंजिनाचा होता आणि त्याचाही सर्वोच्च आकडा कोणीतरी हाताने फुगवला होता. त्यावर इंजिनाचा कोड किंवा डायनो चालवणाऱ्या शॉपचे नाव नव्हते. हवामानानुसार आकड्यांची दुरुस्ती कोणत्या मानकाने केली तेही लिहिलेले नव्हते, आणि जुन्या व नव्या मानकांत सुमारे ४ टक्क्यांचा फरक पडतो.

पैसे परत मिळवताना कामी आले ते विक्रीच्या जाहिरातीचे जपून ठेवलेले चित्र, ज्यात ‘३८३’ आणि ‘४२५’ हे दोन्ही आकडे होते, आणि कारागिराचा मापांसह, छायाचित्रांसह दिलेला सहीचा अहवाल. कार्डावरचे २,००० डॉलर परत आले. फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टखाली, रक्कम ज्या विवरणपत्रात प्रथम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार जावी लागते. मालाचा घोळ उशिरा उघडकीला आला तर ही मुदत सहज हुकते. ‘झेल’ने गेलेल्या रकमेवर बँकेने हात वर केले, कारण पैसे मी स्वतः पाठवले होते. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या स्मॉल क्लेम्स विभागात दावा लावला. तिथे २०२४पासून ७,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही. सुनावणीआधीच्या मध्यस्थीत गॅरेजवाल्याने पावतीवरचे ‘ॲज इज’ पुढे केले आणि मी जाहिरातीचे चित्र पुढे केले. ३,८००पैकी २,५०० डॉलर आणि इंजिन त्याचे त्याला परत, यावर मिटले. बसवण्याच्या कामाचे १,४०० डॉलर आणि मशीन शॉपची मजुरी बुडाली ती बुडालीच.

भरून न येणारे नुकसान मूळ ३०७ इंजिनाचे झाले. गाडीच्या चासी क्रमांकाचा भाग त्याच्या ब्लॉकवर ठोकलेला होता, म्हणजे गाडी आणि इंजिन जन्मापासून एकत्र असल्याचा तो दाखला होता. १३० अश्वशक्तीच्या इंजिनाला बाजारात फारसे कोणी विचारत नसले तरी ‘मॅचिंग नंबर’ म्हणून गाडी विकताना त्याची किंमत होते. बदललेले भाग परत मागण्याचा हक्क मिशिगनच्या कायद्यात ग्राहकाला आहे, पण जुना भाग ‘कोअर’ म्हणून बदल्यात द्यायचा ठरला असेल तर तो लागू होत नाही, आणि अंदाजपत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात ‘कोअर गॅरेजकडे’ असे बारीक अक्षरांत छापलेले होते. मी मागणी केली तोवर ते भंगारात गेले होते. शेव्हेलमध्ये आता २९० अश्वशक्तीचे क्रेट इंजिन आहे, आणि त्याच्या अंदाजपत्रकावर ‘कोअर’ची ओळ मी पेनने खोडून त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या आहेत.