शेलरचे रबर रोल: उघड्या मिलचे की निडरचे?

शेलर म्हणजे दोन रबरी रोलांमध्ये घासून धानाची साल काढणारं यंत्र. आमच्या भंडारा-गोंदियाकडे त्याच्या रोलचा दोन प्रकारचा माल येतो. एक छोट्या कारखान्यांचा, ज्याचं कंपाउंड (रबराचं मिश्रण) उघड्या मिलवर, म्हणजे दोन उघड्या लाटांमध्ये, कालवलेलं असतं. दुसरा निडर किंवा बॅनबरी या बंद भांड्याच्या यंत्रात मळलेला. दोन्ही आमच्या गिरणीत चालवून झालेत.

कागदावर फरक दिसत नाही, शोर कडकपणा (रबर किती कडक, याचं माप) जवळपास तोच लिहिलेला असतो. उघड्या मिलचा स्वस्त पडतो आणि फोन केला की गाडीवर टाकून देतात. ऐन हंगामात, धानाची पोती व्हरांड्यापर्यंत आली असताना, ही सोय लहान नव्हे.

तरी मी तो सोडला, तो एका त्रासापायी. तांदळाला डाग नको म्हणून या रोलमध्ये काळ्या कार्बनऐवजी पांढरी सिलिका घालतात, आणि ती रबरात सुखासुखी पसरत नाही. कण एकमेकांना धरून बसतात, वर हवेतला दमटपणाही ओढतात. मिलवरचा पट्टा किती वेळा कापला, किती वेळा उलटून घातला, हे सगळं कारागिराच्या हातावर. तो दमला की घट्ट रोडग्याच्या पिठात कोरडी गोळी राहावी तशी सिलिका आत राहते. त्या जागी रबराला पकड नसते. शेलरमध्ये एक रोल दुसऱ्यापेक्षा साधारण पाव पट जोरात फिरतो. त्या ओढाताणीत नेमका तिथलाच टवका उडतो.

टवका उडाला की खड्डा, आणि खड्ड्यातून धान सालीसकट निघून जातं. मग आपण चाक फिरवून रोल जवळ घेतो. खड्ड्यातलं धान तरी तसंच, आणि बाकीच्या रोलवर दाब वाढून कनकी (तुटका तांदूळ) वाढते. जाड धानात हे खपून जातं. एचएमटीसारखा बारीक दाणा मात्र माफ करत नाही, आणि कनकी दिसली की भरडाईला आलेला शेतकरी आपल्याच तोंडाकडे बघतो. सारखं चाकाशी खेळत बसायचं, हा वैताग मला रोल लवकर झिजण्यापेक्षा जास्त वाटला. निडरचा रोलही झिजतोच, पण माझ्या अनुभवात तो सपाट झिजतो.

निडरचं सगळंच सोनं असतं, असंही नाही. बंद भांड्यात उष्णता चढते. घाईने रबर पक्कं करणारं गंधक आतच टाकलं तर माल साच्यात जाण्याआधी करपू लागतो. चांगले कारखाने गंधक शेवटी, थंड उघड्या मिलवरच घालतात. म्हणजे मिल वाईट नाहीच. जाणता कारागीर असेल तर तिच्यावरचा माल कुणाला हार जायचा नाही. शिजवणं, म्हणजे साच्यात तापवून रबर पक्कं करणंही तितकंच महत्त्वाचं. रबरातून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे घाईत काढलेला जाड रोल वरून पक्का आणि आतल्या धातूच्या ड्रमजवळ कच्चा राहतो. तसला रोल अर्ध्यापर्यंत छान चालतो आणि मग बघता बघता संपतो. हे दोन्हीकडच्या मालात पाहिलंय.

जाडं धान आणि दोन-तीन महिन्यांचीच भरडाई असेल, तर स्वस्त जोडीत काही बिघडत नाही. बारीक धान जास्त येत असेल तर मी निडरकडेच झुकेन. ठरवण्याआधी जुन्या रोलचा उरलेला तुकडा नव्या ब्लेडने कापून उन्हात धरा: पांढरे ठिपके किंवा बुडबुड्यांची भोकं दिसली, तर त्या दुकानातून पुढची जोडी घेऊ नका.