त्रास्तेवेरेतला मासा : २९२ युरो ६८ सेंट

रोममधल्या एका जेवणाचे आम्ही तिघांनी २९२ युरो ६८ सेंट मोजले. हे लिहायला मला इतके महिने लागले, त्याचे कारण लाज हेच आहे. मी ठाण्याच्या बाजारात सदतीस वर्षे मासे घेते आहे. भाव ठरल्याशिवाय मी कोळणीच्या टोपलीजवळ बसत नाही आणि कल्ले उघडून पाहिल्याशिवाय पाकिटाला हात लावत नाही. त्या मी परक्या शहरात समोर आणलेल्या माशाकडे पाहून, वजन न विचारता, मान डोलावली. परंतु हे सगळे माझ्या एकटीच्या गाफीलपणाने झाले, असे मी मानत नाही. आम्ही विमानातून उतरून घराची चावी घेतली, तेव्हापासूनच आम्हाला त्या टेबलाकडे नेले जात होते, आणि हे कळावे म्हणूनच मी सविस्तर लिहीत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी, यजमान आणि माझी धाकटी नणंद असे तिघे त्रास्तेवेरे भागात चार रात्रींसाठी भाड्याच्या घरात उतरलो होतो. टायबर नदीच्या पश्चिम काठावरचा हा जुना भाग आहे, आणि त्याच्या नावाचा अर्थच 'टायबरपलीकडचा' असा होतो. सांता मारिया चर्चमधली बाराव्या शतकातली मोझेक चित्रे, काळ्या दगडांच्या अरुंद गल्ल्या आणि जागोजागी मांडलेली टेबले यांमुळे रोमला जाणाऱ्या प्रत्येकाला 'जेवायला त्रास्तेवेरेत जा' असे सांगितले जाते. उत्तम खानावळी तिथे आहेतही. पण जिथे सगळे पाहुणे भुकेले होऊन येतात, तिथेच त्यांना लुबाडणारेही दुकान मांडतात, हे आधी कोणी सांगत नाही.

चावी द्यायला आलेला तरुण अत्यंत अदबीने वागला. त्याने नकाशावर पेनाने गोल केला, खिशातून एका रेस्टॉरंटचे कार्ड काढून त्याच्या मागे स्वतःचे नाव लिहिले आणि म्हणाला, "पर्यटकांच्या जागी जाऊ नका. आम्ही इथले लोक जिथे जेवतो, तिथे जा. हे कार्ड दाखवा, शेवटी लिमोनचेल्लो माझ्याकडून." लिमोनचेल्लो म्हणजे लिंबाचे गोड मद्य. इथे मला कोणी भोळी म्हणणार असेल, तर मी विचारते की परक्या गावात चांगले जेवण कुठे मिळते हे तिथल्या माणसाला विचारायचे नाही, तर कोणाला विचारायचे? आपण गावोगावी तेच करतो. मात्र 'तुम्ही जेवता ती जागा सांगा' असे आपण विचारणे वेगळे आणि समोरच्याच्या खिशात छापील कार्ड तयार असणे वेगळे. खिशातून कार्ड निघाले, की ती शिफारस नसून दलाली असते, हे पक्के लक्षात ठेवावे.

गुरुवारी, १७ तारखेला, संध्याकाळी सव्वासहाला आम्ही तिथे पोहोचलो. यजमानांना रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी लागते, म्हणून आम्ही लवकर जेवतो. रोममध्ये रात्रीच्या जेवणाची स्वयंपाकघरे साडेसात-आठच्या आधी सहसा सुरू होत नाहीत. सहा वाजता पूर्ण मेनू देणारी जागा तिथल्या लोकांसाठी नसते. आत एकही इटालियन कुटुंब नव्हते, मेनू सहा भाषांत होता आणि प्रत्येक पदार्थाचा फोटो होता. दारात उभ्या असलेल्या माणसाने, ज्याला तिथे 'बुत्तादेंत्रो' म्हणतात, म्हणजे गिऱ्हाईक आत ढकलणारा, आमचे कार्ड पाहताच ते काढून घेतले आणि परत दिले नाही. परत न देण्याचे कारण मला आता कळते: त्या कार्डावरूनच चावीवाल्याचा हिशोब होणार होता.

यजमानांचा गुरुवार होता. त्यांच्यासाठी काचो ए पेपे, म्हणजे पेकोरीनो चीज आणि मिरीचा पास्ता, १६ युरोला सांगितला. आम्हा दोघींना मासा हवा होता. मेनूवर ब्रांझीनो या माशापुढे ठळक अक्षरांत ९ युरो असे लिहिले होते. नणंद म्हणाली, "वहिनी, नऊ युरो म्हणजे इथल्या मानाने स्वस्तच की." त्या नऊच्या पुढे, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'एत्तो' हा शब्द होता, आणि तो इंग्रजी पानावरही इटालियनमध्येच ठेवलेला होता. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. इटलीत ताजा मासा आणि मोठ्या तुकड्याचे मांस असे शंभर ग्रॅमच्या भावाने विकण्याची जुनी रीत आहे आणि ती बेकायदा नाही. फसवणूक होते ती वजन न सांगण्यात.

आता तो क्षण. वेटर स्टीलच्या ताटलीत मासा घेऊन आला. खाली बर्फाचा चुरा होता, पोटाशी अर्धे लिंबू होते आणि शेपटी ताटलीच्या बाहेर आली होती. आपल्या जिताड्यासारखा दिसणारा, चंदेरी, डोळे अगदी स्वच्छ. मी कल्ले पाहिले, लाल होते. माल उत्तम आहे हे पाहून मी खूश झाले. वेटरने विचारले, "ओके, सिन्योरा?" आणि मी हसून मान हलवली. त्याच्या मागे, काउंटरच्या कोपऱ्यावर वजनकाटा होता आणि मला तो दिसत होता. घरी असते तर मी ताटली त्याच्या हातून घेऊन काट्यावर ठेवायला लावली असती. इतका मोठा मासा नऊ युरोला कोणीही देणार नाही, हे माझ्या डोळ्यांना कळले होते. पण छान कपडे घातलेला माणूस वाकून उभा असताना भाव विचारणे अशोभनीय दिसेल, या एका विचाराने मी गप्प राहिले. भाव विचारण्यात कसली आली आहे अशोभा? तो प्रश्न मी रोज विचारते. तो एका वाक्याचा प्रश्न मी गिळला आणि त्याची किंमत १४८ युरो ५० सेंट झाली.

कारण बिलात मासा १६५० ग्रॅमचा लावला होता. ताटलीत पाहिलेला मासा तेवढा असेलही. पण शिजवून, बाजूच्या टेबलावर काटे काढून आमच्या ताटांत आला, तो पावणेदोन किलोच्या आसपासच्या माशाचा ऐवज नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. एवढा मासा दोन बायकांना संपत नाही. आम्ही तो संपवूनही पाव खाल्ला. डोके मागितले, तर ते टाकून दिल्याचे सांगण्यात आले. दाखवलेला आणि वाढलेला मासा एकच होता का, हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मला स्वतःला त्याचे उत्तर ठाऊक आहे.

बाकीच्या रकमाही लिहिते. न मागता आणलेले थंड पदार्थांचे ताट, ज्यातले निम्मे डुकराच्या मांसाचे असल्याने गुरुवारी यजमानांना चालणारे नव्हतेच, ३८ युरो. दोन आर्टिचोक, म्हणजे मोठ्या कळीसारखी भाजी, १४ युरो; रोमच्या आर्टिचोकचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो, ऑक्टोबरात 'आमच्या शेतातले' म्हणून सांगितले, तिथेही मी शंका घ्यायला हवी होती. पाण्याच्या दोन बाटल्या ८ युरो. 'माझ्याकडून' म्हणून कबूल केलेल्या लिमोनचेल्लोचे तीन पेले १८ युरो. यजमानांनी आपल्या पेल्याला स्पर्शही केला नाही, तरी त्याचे ६ युरो लागले. 'कोपेर्तो', म्हणजे बसण्याचा आकार, माणशी ४ प्रमाणे १२ युरो. मासा आणि पास्ता धरून झालेल्या २५४ युरो ५० सेंटवर पंधरा टक्के सेवाशुल्क, ३८ युरो १८ सेंट. हे सगळे वहीच्या कागदावर हाताने लिहिलेले होते.

यजमानांनी आवाज चढवला. तेव्हा मघाचा अदबीचा वेटर नाहीसा झाला आणि काउंटरमागून दोन धिप्पाड माणसे येऊन टेबलाजवळ उभी राहिली. आम्ही तिघेही साठीच्या पुढचे. आम्ही पैसे दिले. त्या परिस्थितीत कोणीही दिले असते.

त्यातही एक भर पडली. कार्डाचे मशीन वेटरने स्वतःच्या हातात धरून काहीतरी दाबले आणि मग पिनसाठी आमच्यापुढे केले. ते 'युरो की रुपये' या प्रश्नाचे उत्तर होते आणि त्याने आमच्या वतीने रुपये निवडले होते. त्या दिवशी युरो ९१-९२ रुपयांच्या दरम्यान होता. मशीनने ९७ रुपये २० पैशांचा दर लावून २८,४४८ रुपये ५० पैसे कापले. वर आमच्या बँकेने शुल्क आणि जीएसटी मिळून ३३५ रुपये ७० पैसे घेतले. एकूण २८,७८४ रुपये २० पैसे. परदेशात कार्डाचे मशीन नेहमी स्वतःच्या हातात घ्या आणि रुपये दिसले तर नकार देऊन युरोच निवडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. पाऊण तास बसवून घेतल्यावर अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि सांगितले की भाव मेनूवर होता, तुम्ही जेवलात, पैसे दिलेत, यात गुन्हा नाही. जेवणाच्या दरांचा विषय पालिकेच्या पोलिसांकडे असतो, म्हणून तिकडे पाठवले. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "अधिकृत पावती कुठे आहे?" आम्ही म्हटले, दिलीच नाही, हीच तर तक्रार आहे. त्यावर त्या म्हणाल्या, पावती नसेल तर तुम्ही तिथे जेवलात याला पुरावा काय? कार्डाची चिठ्ठी दाखवली, तर तिच्यावर रेस्टॉरंटच्या नावाऐवजी कुठल्यातरी कंपनीचे नाव छापलेले निघाले. पावती न देणे हा इटलीत दुकानदाराचा दोष मानला जातो, आणि तोच दोष आमची तक्रार न घेण्याचे कारण ठरला! अर्ज इटालियनमध्ये लिहून सोमवारी आणा, असे सांगण्यात आले. रविवारी आमची फ्लॉरेन्सची गाडी होती. पर्यटकांच्या माहितीकेंद्रात एक फोन नंबर मिळाला. त्यावर नणंदेने बावीस मिनिटे संगीत ऐकले आणि फोन कटला. ईमेलला आपोआप येणारी पोच आली, पुढे काहीही नाही. ज्या शहरात पाहुण्यांकडून दर रात्रीचा कर न चुकता वसूल होतो, त्या शहरात पाहुण्याची तक्रार त्याच्या भाषेत लिहून घ्यायला एक माणूस बसवता येत नाही, याचा मला आजही संताप येतो.

घरी आल्यावर मुलाने शोधून दिले, तेव्हा कळले की लाझिओ प्रांताने, म्हणजे रोम ज्यात येते त्या प्रांताने, २००६ च्या कायद्याने कोपेर्तो आकारायलाच मनाई केली आहे. पावाचे पैसे लावता येतात, सेवाशुल्क मेनूवर लिहिले असेल तर घेता येते, पण कोपेर्तो नाही. हे त्या पालिकेच्या बाईंना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. आमच्या कागदावर तो शब्द स्पष्ट लिहिलेला होता. आमच्याआधीच्या लोकांचेही वाचले. २००९ मध्ये रोममध्ये एका जपानी जोडप्याला दुपारच्या जेवणाचे ६९५ युरो लावले गेले. २०१९ मध्ये दोन जपानी मुलींना स्पॅगेटी आणि माशाचे ४२९ युरो ८० सेंट लागले, त्यांत ८० युरो बक्षिसीचे होते. मेनूवर भाव लिहिलेला होता, हा खुलासा तिथेही झालाच.

जाणाऱ्यांनी एवढे जरूर करावे. मासा दिसला की 'क्वांतो पेसा?', म्हणजे वजन किती, आणि 'क्वांतो कोस्ता इन तुत्तो?', म्हणजे एकूण किती, हे दोन प्रश्न विचारून आकडा कागदावर लिहून घ्यावा. न मागता आलेले ताट हात न लावता परत पाठवावे. मेनूचा फोटो बसल्या बसल्या काढावा. आम्ही काढला नाही. छापील पावती हातात आल्याशिवाय उठू नये, आणि ती नाकारली तर तिथूनच ११७ वर, म्हणजे आर्थिक पोलिसांच्या नंबरवर, फोन लावावा. पाणी विकत घेण्याची गरजच नाही, कारण रोमच्या रस्त्यांवरच्या 'नासोने' नळांचे पाणी पिण्याजोगे आणि फुकट असते.

शनिवारी आम्ही नदी ओलांडून तेस्ताच्चोला गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत शहराचा कत्तलखाना तिथे होता, त्यामुळे तिथल्या खानावळींत शेपटी, आतडी असे पदार्थ पुष्कळ असतात. गोमांस न खाणाऱ्यांनी प्रत्येक पदार्थ विचारून घ्यावा. पण तिथल्या मंडईत आम्ही तिघे मिळून २७ युरोत पोटभर जेवलो, आणि नणंदेला भाताचा तळलेला सुप्ली इतका आवडला की तिने दोनदा घेतला. शेजारच्या बाकावर भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या रोमच्या आजीबाई जेवत होत्या. हीच जागा आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर होती, आणि चावीवाल्याने तिचे नावही काढले नव्हते.

घर भाड्याने देणाऱ्या कंपनीने कळवले की कर्मचाऱ्याने केलेली शिफारस 'वैयक्तिक' होती. बँकेकडे मी कार्डाच्या व्यवहाराबद्दल वाद नोंदवला. अकरा आठवड्यांनी उत्तर आले की पिन टाकलेला आहे आणि रुपयांत पैसे देण्याचा पर्याय 'ग्राहकाने स्वतः निवडला' असे चिठ्ठीवर छापलेले आहे, म्हणून प्रकरण बंद करण्यात येत आहे. त्या उत्तरावर मी पुन्हा लिहिले आहे. हाताने लिहिलेला तो कागद आणि ती चिठ्ठी, दोन्ही मी जपून ठेवली आहेत.