प्रवासात सजगता: श्वास मोजायचा की आवाज ऐकायचे?

सजगता म्हणजे या क्षणी जे घडतंय त्याकडे लक्ष देणं. प्रवासात बसायला जागा मिळाली की त्यासाठी श्वास मोजणं सोपं. एक ते दहा मोजायचं, चुकलं की पुन्हा एकपासून. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास थोडा लांबवला की छातीतली धडधड कमी झाल्यासारखी वाटते. पण उभ्याने, गर्दीत, कोणाचं तरी कोपर बरगडीत रुतलेलं असताना? माझी मजल चारच्या पुढे जात नाही. शिवाय श्वासाकडे लक्ष दिलं की काहींना उलट गुदमरल्यासारखं होतं.

अशा वेळी आवाज बरे. चाकांची घरघर, दार आपटणं, शेजारच्याचा फोन: जे कानावर पडेल ते ऐकायचं, त्याला बरं-वाईट म्हणायचं नाही. (फोनवरचं भांडण रंगलं की हे अवघड, कबूल!) जो गोंगाट एरवी अडथळा, तोच इथे साधन होतो. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत रुग्णांसाठी सुरू केलेल्या सजगतेच्या कार्यक्रमाचा गाभाही हाच: जे आहे त्याकडे निवाडा न करता पाहणं.

गाडी स्वतः चालवत असाल तर मात्र मोजणी नकोच. हातातलं स्टिअरिंग, समोरचा रस्ता, आरसे; लक्ष तिथेच. सिग्नलला थांबल्यावर खांदे सैल सोडा, एवढं पुरे.