व्हीली शिकण्यासाठी कोणती गाडी? कोकणातल्या कातळावरून हिरो एक्सपल्स २०० ४व्हीचे परीक्षण

हिरो एक्सपल्स २०० ४व्ही या मोटरसायकलची परीक्षणे बहुधा घाटरस्ते, लांबचे प्रवास आणि चिखलातल्या वाटा यांच्या कसोटीवर लिहिली जातात. हे परीक्षण एका वेगळ्या कसोटीवर आहे. व्हीली, म्हणजे पुढचे चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणे, ज्याला पद्धतशीर शिकायची आहे त्याला ही गाडी कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे. रत्नागिरीजवळच्या एका खासगी कातळावर, जागामालकाची रीतसर परवानगी घेऊन, मी आणि माझा मावसभाऊ पावसाळा सोडून ही गाडी याच कामासाठी वापरत आलो आहोत. माझे मत असे की आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गाड्यांमध्ये शिकणाऱ्यासाठी हिच्याइतकी योग्य गाडी दुसरी माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याचे मुख्य कारण तिचा मागचा ब्रेक हे आहे.

हे कारण जरा विस्ताराने सांगणे भाग आहे. नवख्या माणसाचे सगळे लक्ष चाक वर कसे जाईल याकडे असते. वास्तविक चाक वर नेणे हा या कसबाचा सोपा भाग आहे. हवे त्या क्षणी ते खाली आणता येणे हा कठीण भाग आहे, आणि शिकण्यासारखे जे आहे ते तिथेच आहे. गाडी मागे कलत गेली की एका ठिकाणी गाडी आणि स्वार यांचा मिळून जो गुरुत्वमध्य असतो तो मागचे चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या बरोबर वर येतो. शिकणारे त्याला बॅलन्स पॉइंट म्हणतात. त्याच्या अलीकडे असेपर्यंत रेस कमी केली की चाक आपसूक खाली येते. त्याच्या पलीकडे गेल्यावर मात्र केवळ रेस सोडण्यावर भरवसा ठेवता येत नाही. तेथे मागचा ब्रेकच उपयोगी पडतो, कारण मागच्या चाकाची गती एकदम घटली की गाडीचे पुढचे अंग तत्काळ खाली झुकते. ज्याचा उजवा पाय ब्रेकवर नाही तो अशा वेळी गाडीसकट पाठीवर पडतो. म्हणून पुढचे चाक वीतभर उचलायचे आणि लगेच ब्रेक दाबून खाली आणायचे, हा एकच धडा शिकणाऱ्याने पायाला सवय होईपर्यंत गिरवावा, असे मी आग्रहाने सांगेन. उंची नंतर येते.

एक्सपल्सला एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ नये म्हणून ब्रेक आपोआप ढिला करणारी यंत्रणा, आहे ती फक्त पुढच्या चाकाला. रस्त्यावरच्या वापरात ही उणीव मानली जाते आणि ते रास्तही आहे. पण या कामात तीच गोष्ट सोयीची ठरते. मागच्या २२० मिलिमीटरच्या डिस्कवर पायाने जेवढा दाब द्यावा तेवढाच तो पोहोचतो, मध्ये कोणतेही यंत्र ब्रेक ढिला करायला येत नाही, आणि त्यामुळे किती दाबल्यावर चाक किती खाली येते याचा हिशेब पायाला लवकर कळतो. ब्रेक एकदम चावत नाही, हळूहळू धरतो. जोराने चावणारा ब्रेक नवख्याच्या पायाखाली असेल तर गाडीचे पुढचे चाक दाणकन आपटते, स्वार हँडलवर फेकला जातो आणि पुढच्या वेळी तो ब्रेक दाबायलाच कचरतो.

येथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही. ब्रेकच्या पेडलची उंची कारखान्यातून येते ती साध्या चपला-बुटांच्या हिशेबाने. जाड तळव्याचा, घोटा झाकणारा बूट घातला की पायाचा चवडा पेडलवर टेकतो तेव्हाच ब्रेक किंचित लागून राहतो, नाहीतर तो लागू नये म्हणून पाय बाहेरच्या बाजूला वळवून ठेवावा लागतो. माझा मावसभाऊ असाच पाय फाकवून बसत असे आणि गाडी वर गेली की पेडल शोधत असे. मास्टर सिलिंडरच्या दांड्यावरचा नट ढिला करून पेडल थोडे खाली घेतले, बुटासकट पाय फुटरेस्टवर ठेवून पुन्हा तपासले, आणि मग चवडा पेडलवर नुसता विसावेल पण दाबणार नाही अशी जागा सापडली. त्याच सकाळी त्याच्या ब्रेकमध्ये फरक पडला. ‘पाय शोधायचा नाही, पाय तिथेच असला पाहिजे,’ असे मी त्याला सारखे बजावत होतो. ते पाळता येण्यासाठी पेडल योग्य जागी असायला हवे होते, हे मात्र पान्याने सुटले.

आता इंजिन. १९९.६ सीसीचे, तेलाने थंड होणारे, चार व्हॉल्व्हचे हे इंजिन मिनिटाला ८,५०० फेऱ्यांना सुमारे १९ अश्वशक्ती आणि ६,५०० फेऱ्यांना १७.३५ न्यूटन मीटर टॉर्क देते. गाडीचे वजन सुमारे १६० किलो आणि दोन चाकांमधले अंतर १,४१० मिलिमीटर. या आकड्यांचा सरळ अर्थ असा की नुसती रेस पिळून हिचे पुढचे चाक उठत नाही. काहींना हा दोष वाटेल. मला तो शिकणाऱ्यावरचा उपकार वाटतो, कारण चुकून रेस जास्त दिली गेली तरी गाडी अंगावर येत नाही आणि चाक उठते ते स्वाराने क्लच वापरून ठरवून उठवले तरच. पहिल्या गिअरमध्ये माणूस धावेल इतक्या वेगात सरळ जायचे, दोन बोटांनी क्लच घसरेल एवढाच ओढायचा, इंजिनाचा आवाज चढू द्यायचा आणि क्लच चटकन सोडायचा. त्याच्या किंचित आधी पुढचे शॉकअप अंगाच्या वजनाने दाबून घेतले असतील तर ते वर उसळतानाच क्लचचा जोर मिळतो आणि लाट चढणाऱ्या होडीची नाळ उचलावी तसे पुढचे चाक विनासायास उठते. हात सरळ ठेवायचे, हँडल ओढायचे नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची. एक्सपल्सची केबलची क्लच हलकी आहे आणि ती कुठे पकडते ती जागा बोटांना स्पष्ट कळते. सकाळभर सराव केला तरी डाव्या हाताला गोळे येत नाहीत.

याउलट केटीएम ३९० ड्यूकसारखी, तीनशे सत्तर-चारशे सीसीची आणि चाळिसाहून अधिक अश्वशक्तीची गाडी पहिल्या गिअरमध्ये रेस दिल्यावरच पुढचे चाक उचलू पाहते. तिच्या सुपरमोटो मोडमध्ये मागचे एबीएस बंद होते, ही गोष्ट चांगली आहे आणि ज्याचा पाय तयार झाला आहे त्याच्या हाती ती गाडी शोभते. पण ज्याला अजून ब्रेकच यायचा आहे त्याने तिच्यावर सुरुवात करावी असे मी कोणालाही सांगणार नाही.

चाक खाली येताना एक्सपल्सचे खरे मोल कळते. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकची चाके, पुढच्या शॉकअपला १९० आणि मागच्याला १७० मिलिमीटरची चाल, आणि जमिनीपासून २२० मिलिमीटरची उंची; चाक जरा जोरात टेकले तरी हे सगळे मिळून तो धक्का पचवतात. चाक टेकताना रेस थोडी चालू ठेवली आणि हँडल सरळ ठेवले तर टेकल्याचे जाणवतही नाही. अलॉय चाकांच्या गाड्यांवर असा सराव फार काळ केला तर रिमला चीर जाण्याची धास्ती राहते. स्पोक मात्र ढिले होतात, आणि ते दर काही आठवड्यांनी जाणकार माणसाकडून ताणून घ्यावे लागतात.

जागेविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील, कारण कोकणात मोकळी जागा पुष्कळ दिसते आणि त्यातली थोडीच या कामाची असते. जांभ्याचा कातळ हिवाळ्यात उत्तम: सपाट, कोरडा, टायरला पकड देणारा. मृगाच्या पावसानंतर त्यावर शेवाळ धरते आणि नंतर गवत वाढून खाचा झाकल्या जातात, म्हणून जून ते ऑक्टोबर गाडी तिकडे नेऊच नये. सरावाची पट्टी आधी पायी चालून पाहावी, सुटे दगड उचलावेत आणि जवळपास चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढण्याची खाण, आहे का हे नक्की करावे; तिच्या कडा सरळ कापलेल्या असतात आणि गाडीवरून त्या शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या कातळावर कातळशिल्पे आहेत तेथे कोणतेही वाहन नेऊ नये. उक्षी, जांभरूण, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे अशा गावांतल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कोरलेली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आहेत, आणि काही शिल्पे इतकी उथळ आहेत की तिरप्या उन्हाखेरीज दिसतही नाहीत. ठाऊक नसलेल्या सड्यावर जाण्याआधी गावात विचारणे हे आपले कर्तव्य आहे.

किनारा या कामाचा नाही. ओल्या वाळूत मागचे चाक रुतते, खारे पाणी चेनीत आणि बेअरिंगांत शिरते, आणि वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. रस्त्याचा तर प्रश्नच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला आणि पंचवीस हजारांच्या दंडाला पात्र ठरतो. आणि समोरून येणाऱ्या एसटीला किंवा शाळेच्या पोरांना या सरावाशी काही देणेघेणे नसते. त्यांचा जीव आपल्या हौसेपायी धोक्यात घालण्याचा हक्क कोणालाच नाही.

खर्चाचा हिशेब खरेदीच्या आधी करावा. क्लच घसरवून शिकायचे म्हटले की क्लचप्लेटा झिजणार. त्यांचा वास येऊ लागला की त्या दिवशीचा सराव थांबवावा. पुढच्या शॉकअपची ऑइल सील आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे) ही दोन ठिकाणे सारखी तपासावी लागतात. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवली आणि हँडलात टकटक जाणवली तर कोनसेट ढिला झाला आहे असे समजावे. चेन फार ताणून ठेवू नये, कारण मागचा शॉकअप पूर्ण दबला की ती आणखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. इंजिन ऑइल पातळीच्या वरच्या खुणेपर्यंत असलेच पाहिजे, कारण गाडी उभी कलली की तेल मागे जाते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे सगळे भाग आणखी लवकर खराब होतात. सराव संपला की लाल माती गोड्या पाण्याने धुऊन, गाडी सुकवून, चेनीला तेल लावल्याशिवाय घरात शिरू नये.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे आणि बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. थांबताना कातळाच्या उताराने तोल जातो. सीटमागची सामानाची प्लेट सरावाआधी काढून ठेवावी, कारण गाडी हातातून गेल्यावर मागच्या मागे उतरून पडण्याची जी एकमेव सुरक्षित वाट असते तिच्यातच ती आडवी येते. दुसऱ्या गिअरमध्ये चाक उचलायला लागल्यावर इंजिनाचा जोर अपुरा वाटू लागतो, आणि तेथून पुढची प्रगती या गाडीवर सावकाशच होते. २०२५ मध्ये आलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या एक्सपल्स २१० मध्ये ताकद जास्त आहे. पण तिच्यावर आम्ही सराव केलेला नाही, त्यामुळे तिच्याविषयी निकाल देत नाही.

अंगावरच्या साधनांत काटकसर करू नये. आयएस ४१५१ प्रमाणित पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट, पाठीचे कवच, गुडघे-कोपरांचे गार्ड, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. एकट्याने सराव कधी करू नये. कातळावर फोनला रेंज कुठे मिळते आणि तेथून सिव्हिल हॉस्पिटलला पोहोचायला किती वेळ लागतो, हे बरोबरच्या माणसाला आधी माहीत असावे.

नवी गाडी घेऊन ती पहिल्याच महिन्यात पाडण्यापेक्षा जुनी घ्यावी, असा माझा सल्ला आहे. ४व्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे १ लाख २८ हजार रुपये होती. त्या काळातल्या गाड्या आता वाजवी भावात मिळतात. २०२३ च्या आवृत्तीत एबीएससाठी रोड, ऑफरोड आणि रॅली असे तीन मोड आले, पण या कामापुरता त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. जुनी गाडी पाहताना पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा, स्पोकच्या तळाशी गंज, मागच्या रिमचा वाकडेपणा आणि मागच्या डिस्कची जाडी पाहावी, आणि गाडी किनाऱ्यालगतच्या गावात राहिलेली असेल तर सीट काढून वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवा थर आला आहे का तेही पाहावे. तो आलेला असेल तर भाव कितीही कमी सांगितला तरी दुसरी गाडी शोधावी.