तेरा किलोंवरून साडेसातवर: हलक्या सॅकचा आठ महिन्यांचा अनुभव

जुनी सॅक पाठीवर घ्यायची तर मला आधी जमिनीवर बसावं लागायचं. पट्ट्यांत हात घालायचे, एका कुशीवर कलायचं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायचं. अचानक घर सोडावं लागलं तर तीन दिवस निभावावेत म्हणून भरून ठेवलेली सॅक, आणि उठायलाच ही कसरत! शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, एकेक वस्तू तोलली, वहीत लिहिली. खाणं, पाणी, इंधन सोडून 13.4 किलो भरले. आज तो आकडा 7.6 आहे. मधल्या आठ महिन्यांत या सामानावर 23 रात्री बाहेर काढल्या, काही मुद्दाम वाईट हवेत.

सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. टूथब्रशचा दांडा कापणं, कपड्यांची लेबलं उसवणं हे सगळं करून झालं आणि 100 ग्रॅमही हलले नाहीत. वही नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की सॅक, टेंट, स्लीपिंग बॅग आणि मॅट या चौघांचेच 7.85 किलो होते. आता तेवढंच काम 3.09 किलोंत होतं.

सर्वांत जास्त समाधान आणि सर्वांत जास्त डोकेदुखी क्विल्टने, म्हणजे रजईसारख्या पांघरुणाने, दिली. 1900 ग्रॅमची कृत्रिम भरणाची स्लीपिंग बॅग काढली आणि 740 ग्रॅमची डाउनची (पक्ष्यांच्या मऊ पिसांची) क्विल्ट घेतली. ऊब पिसं देत नाहीत, त्यांत अडकलेली हवा देते. अंगाखाली दाबलेल्या भरणात हवाच उरत नाही, म्हणून क्विल्टला पाठीखालचं कापड आणि चेन नसते. तर्क पटला. पण पहिल्या चार-पाच रात्री कूस बदलली रे बदलली की कमरेपाशी गार झुळूक यायची. मॅटखालून जाणारे इलॅस्टिकचे पट्टे मी फार सैल ठेवत होते. ते आवळले आणि कानटोपी घालून झोपायला लागले, तेव्हा कुठे सलग झोप लागली. घेताना माझी आणखी एक चूक झाली. लेबलवरच्या दोन तापमानांपैकी ‘लिमिट’चा आकडा बघून मी खूश झाले. तो अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढण्याचा आकडा असतो. आरामात झोपायचं असेल तर ‘कम्फर्ट’ बघा.

डाउनची खरी अडचण ओल. 800 फिल पॉवरचं (फिल पॉवर म्हणजे डाउन किती फुलतं त्याचं माप) 28 ग्रॅम डाउन फुललं की साधारण 13 लिटर जागा व्यापतं. भिजलं की त्याचा चिखलगोळा होतो. सलग तीन दमट रात्रींत माझी क्विल्ट रोज सकाळी थोडी अधिक चपटी दिसत होती. पाऊस आत आलाच नव्हता, नुसता श्वास आणि दव. सहलीत चौथ्या दिवशी ऊन मिळतं, संकटात ते मिळेलच असं नाही. ती आता जाड कचऱ्याच्या पिशवीत भरूनच सॅकमध्ये जाते. आठवडाभर ओल हटत नाही अशा हवेत राहणाऱ्याने मात्र कृत्रिम भरणच घ्यावं, 300-400 ग्रॅम जास्त गेले तरी.

फुगवायची मॅट 470 ग्रॅमची, मऊ, झकास. अकराव्या रात्री दोन वाजता पाठ जमिनीला टेकली. भोक टाचणीएवढंही नव्हतं. सकाळी पाण्यात बुडवून, बुडबुडे शोधून ते सापडलं. तेव्हापासून साधी कॅरीमॅट अर्धी कापून (180 ग्रॅम) सोबत ठेवते. दोन मॅटच्या आर-व्हॅल्यूंची, म्हणजे जमिनीची थंडी अडवण्याच्या क्षमतेच्या आकड्यांची, बेरीज होते, त्यामुळे थंडीतही ती कामाला येते.

टेंटऐवजी टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून बांधायचं नुसतं छताचं कापड, आणला. 1955 मध्ये एमा गेटवूड वयाच्या 67व्या वर्षी अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही लांबलचक डोंगरवाट अख्खी एकट्याने चालल्या, तेव्हा पावसासाठी त्यांच्याकडे बाथरूमचा पडदा होता. तेवढा धीर माझ्यात नाही. दोऱ्या, पेग आणि खालचं कापड धरून माझे 620 ग्रॅम होतात. वाऱ्याची दिशा बदलली की उठून पुन्हा बांधावा लागतो.

सॅकच्या बाबतीत हाव नडली. आधी विनाफ्रेमची 480 ग्रॅमची घेतली. पाणी-खाणं भरून 12 किलो झाले की सगळा भार खांद्यांवर. दुसऱ्या महिन्यात पट्ट्याची शिवण उसवली, आणि कंपनीचं उत्तर आलं की तुम्हीच जास्त भरलं असेल. आताची 1080 ग्रॅमची, अ‍ॅल्युमिनियमची दांडी आणि खरा कंबरपट्टा असलेली. मानेच्या मणक्यापासून कंबरेच्या हाडापर्यंतची लांबी मोजून घेतली. हे 600 ग्रॅम मी आनंदाने वाहते.

बाकीचा एक किलो कुऱ्हाड, दुसरा चाकू आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या कपड्यांत होता. प्रथमोपचाराच्या पेटीला हात लावला नाही. स्टीलचा मगही ठेवला. सरळ विस्तवावर ठेवून पाणी उकळता येतं. पाण्याचा फिल्टर 85 ग्रॅमचा, पण त्याच्या पोकळ तंतूंत पाणी गोठलं तर तो निकामी होतो आणि बाहेरून कळतही नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत फिल्टर, लायटर आणि हेडटॉर्च माझ्याबरोबर क्विल्टमध्ये झोपतात, आणि पहाटेपर्यंत त्यांपैकी एक तरी बरगडीखाली सापडतंच.