गॅलरीसमोरचा आडोसा आणि खुर्चीत बसून पाहणारा नर्सरीवाला

नागपूरच्या बेसा भागात आमचं बैठं घर आहे. पश्चिमेचा प्लॉट रिकामा होता तोवर अंगणात कुरडया घालाव्या, न्हाऊन केस मोकळे सोडून बसावं, कोणाची फिकीर नव्हती. मग तिथे दुमजली घर झालं आणि त्यांची गॅलरी नेमकी माझ्या आरामखुर्चीवर आली. माणसं भली आहेत, बिचारी नजर वळवतात. अवघडल्यासारखं मलाच होतं.

आधी केलेला मूर्खपणा सांगते. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मोठ्या, चकाचक नर्सरीतून सहा फुटी अशोक आणले, तो लोंबत्या फांद्यांचा. १२ झाडं, अडीचशेला एक. ‘लावा आणि विसरा’ म्हणाला. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, आमची काळी माती अशी भेगाळली की बुडाशी करंगळी जाईल. सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही नऊ झाडं वाळली. एक उपटून पाहिलं तर मुळं पिशवीतल्या पिशवीत गोल फिरलेली, डोक्यावरच्या चुंबळीसारखी. बाहेरच्या मातीला त्यांनी हातही लावला नव्हता. त्याच नर्सरीत मला कोनोकार्पसही गळ्यात मारत होते, ‘वर्षभरात भिंत होते’ म्हणून. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. त्याची मुळं पाइपांत शिरतात, म्हणून तेवढं तरी टळलं ते बरं.

आता ज्या नर्सरीबद्दल लिहायचं आहे ती छोटी आहे. हिरवी जाळी, एक टपरी, बस. जुलैमध्ये गेले. मी डोक्यात कुंती घेऊन गेले होते. पांढरी फुलं, पावसाळ्यात घमघमाट, पानंही दाट. त्या भाऊंनी रोपाला हातच लावू दिला नाही.

“काकू, झाड मग पाहू. पहिले सांगा, ऊन कोणत्या बाजूनं येते? अन् अंगणात संत्रा आहे का?”

आहे. सासऱ्यांनी लावलेलं, जंभेरीवर बांधलेलं कलम.

“मग कुंती नाही देणार. ती संत्र्याच्याच गोतातली. सायला कीड तिच्यावर वाढते अन् मग संत्र्यावर जाते.”

मला वाटलं, माल संपला असेल म्हणून बहाणा करून राहिला. रात्री काटोलच्या भावाला फोन केला, त्याची बाग आहे. तो म्हणाला, खरं आहे, ग्रीनिंग रोग तीच कीड पसरवते, एकदा लागला की झाड बरं होत नाही. कढीपत्त्यावरही ती येते, म्हणून तोही अधूनमधून पाहत जा. इतकी वर्षं संत्र्याच्या गावात राहून हे मला दुकानदाराने सांगावं!

दुसऱ्या दिवशी नर्सरीवाले भाऊ घरी आले, येण्याचे दोनशे रुपये घेतले. टेपने भिंत मोजली, आणि मग माझ्या खुर्चीत जाऊन बसले. मान वर करून गॅलरीकडे पाहिलं, खुर्ची चार फूट भिंतीकडे सरकवली, पुन्हा बसून पाहिलं. वरून येणारी नजर अडवायची तर झाड पंधरा फूट हवं, पण आपणच झाडाजवळ बसलो तर आठ फुटांत भागतं, हे त्यांनी बोलून नाही, बसून दाखवलं. अशोक विकणाऱ्याने भिंतीची लांबीही विचारली नव्हती.

शेवटी लावली कोयनेल, दीड-दीड फुटावर दोन ओळींत, एकीच्या फटीसमोर दुसरीचं रोप. चर दीड फूट खोल, काळ्या मातीत रेती आणि शेणखत कालवून, कारण पावसाळ्यात हीच माती पाणी धरून मुळं कुजवते. कण्हेर मी सुचवली होती, पण नातू दोन वर्षांचा, जे दिसेल ते तोंडात घालतो, आणि कण्हेरीचं पान न् पान विषारी. भिंतीवर लोखंडी पाइपाची चौकट करून त्यावर मधुमालती चढवली. कोयनेलला डौल नाही, सरकारी बागेत असते तशीच दिसते. पण पहिला मे महिना एकदिवसाआड पाण्यावर काढला, एकही रोप गेलं नाही. आता छातीपर्यंत आली आहे. मधुमालती मात्र चौकटीच्या वर गेली, संध्याकाळी फुलं पांढरी उमलतात आणि पुढे लाल होत जातात.

उणं काय ते पण लिहिते. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी कात्री लागते, आमच्या यांचा खांदा दुखतो. माणूस बोलावला तर त्याचे पैसे वेगळे, हे आधी सांगायला हवं होतं. टेम्पो सकाळी नऊचा सांगून दुपारी दोनला आला, रोपं सुकून माना टाकून बसलेली. ६० रोपांत चारांची मुळं तशीच चुंबळ झालेली निघाली. घेताना पिशवी खालून दाबून पाहा, टणक लागली तर ठेवून द्या.

पाचपैकी चार. जायचं तर दहाच्या आत जा, नंतर भाऊ जेवायला घरी जातात आणि पोऱ्याला कुंती आणि कोयनेल यातला फरक कळत नाही. ती चार रोपं बदलून देतो म्हणाले होते, अजून दिली नाहीत. या रविवारी पुन्हा जाते.