परदेशात माल विकताना: कमिशन एजंट की डिस्ट्रिब्युटर?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यातला माल पूर्व आफ्रिकेत नाहीतर आखातात पाठवायचा ठरला की भावाच्या आधी तिथल्या माणसाचा प्रश्न येतो. टक्क्यावर काम करणारा एजंट नेमायचा, की माल स्वतः विकत घेऊन पुढे विकणारा डिस्ट्रिब्युटर? एलसी (पैसे मिळण्याची बँकेची हमी), विमा, भाडं हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ते सोडून देतो. इथे दोघांना एकाच अंगाने ताडून पाहू: चिरीमिरी कुठून शिरते आणि ती कुणाच्या अंगावर येते.

एजंटची बाजू खरंच भक्कम आहे. शेवटचा ग्राहक कोण हे कळतं, भाव आपल्या हातात राहतो, पैसे थेट आपल्या खात्यात येतात. सरकारी वीज किंवा पाणी खात्याच्या निविदेत बऱ्याचदा उत्पादकालाच उतरावं लागतं. तिथे कागदपत्रं उचलायला आणि बैठकीला बसायला स्थानिक माणूस हवाच.

त्याचं बिल मात्र एका ओळीचं असतं. ‘बाजार विकास सेवा’, पुढे टक्का, खाली सही. सुट्या भागांवर ५ टक्के घेणारा एजंट सरकारी ऑर्डरवर १२ मागतो, तेव्हा वरचे ७ कुठे जाणार, हे तो सांगत नाही आणि विचारायला आपल्यालाही जड जातं. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २०१४ मध्ये परदेशी लाचखोरीची ४२७ प्रकरणं तपासली. चारपैकी तीन प्रकरणांत पैसा मध्यस्थामार्फत गेला होता. २०२० मध्ये विमानं बनवणाऱ्या एअरबसने लाचेच्या प्रकरणात फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेला मिळून ३.६ अब्ज युरो भरायचं कबूल केलं, तिथेही मुळाशी मध्यस्थच होते. आकडा आपल्या आवाक्यातला नाही, वाट मात्र तीच.

आम्हाला नको झालं ते या बिलाच्या पाठीमागचं काम. कमिशन शिपिंग बिलावर (निर्यातीच्या वेळी कस्टम्सला द्यायच्या कागदावर) आधी दाखवलेलं नसेल तर बँक पाठवताना अडवते. ऑडिटर विचारतो, सेवा दिली कशावरून? मग बैठकीची टिपणं, निविदेच्या प्रती, प्रवासाची तिकिटं, मेल, सगळं दर तिमाहीला एजंटकडून उपसून काढा. तो म्हणतो, ‘फोनवरच झालं.’ त्यात मध्येच पैसे तिसऱ्या देशातल्या दुसऱ्याच नावाच्या खात्यात पाठवायला सांगतो. अशी विनंती आली की व्यवहार तिथेच थांबवावा, मग कारण कितीही गोड असो. डिस्ट्रिब्युटरकडे ही फाइलच लागत नाही. आमच्या अनुभवात दोघांतला खरा फरक एवढाच, आणि तोच जड पडला.

‘इथली पद्धतच आहे’ हे वाक्य दोघेही ऐकवतात. केनियात मागणीला ‘चाय’ म्हणतात. आपल्या चहापाण्यावर वाढलेल्या माणसाला ते ओळखीचंच वाटतं. पण तिथेही २०१६ पासून लाचविरोधी कायदा आहे. जपानमध्ये उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीस भेटी देण्याचा रिवाज जुना आहे, तरी वरच्या दर्जाच्या सरकारी अधिकाऱ्यांना ५,००० येनच्या वरची भेट नोंदवावी लागते. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच खर्च म्हणून करातून वजा करता येत असे. पुढे २००८ मध्ये सीमेन्स या जर्मन कंपनीने लाचेपायी अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर भरले. म्हणजे रिवाज भेटवस्तूत वेगळे असतील, पैशाच्या पाकिटात फारसे नाहीत. ब्रिटनचा २०१० चा कायदा तर सरळ म्हणतो: स्थानिक प्रथा धरायची नाही, लेखी कायद्यात परवानगी असेल तरच धरायची. अमेरिकेचा १९७७ चा कायदा नेहमीचं काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ रकमेला सूट देतो, ब्रिटन तीही देत नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश कंपनीला माल पुरवत असाल तर या अटी करारातून तुमच्यापर्यंत येतातच. दोन्हींतली कडक ती पाळणं सोपं.

संत्रा बर्फीचा डबा न्यायला हरकत नाही. कुणाला, किती रुपयांचा, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहावं, आणि निविदा उघडी असताना तोही नेऊ नये.

आपल्याकडे परदेशी अधिकाऱ्यांच्या लाचेविरुद्धचं विधेयक २०११ मध्ये संसदेत आलं आणि बारगळलं. त्यावर ‘मग गुन्हा कुठाय?’ म्हणणारे भेटतात. पण २०२२ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केलं आहे की परदेशी कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या कामाचा खर्च आयकरात वजा होत नाही.

डिस्ट्रिब्युटर धुतल्या तांदळासारखा असतो असं नाही. त्याची चोरवाट सवलतीतून जाते. नेहमी १५ टक्के सूट घेणारा एका सरकारी प्रकल्पासाठी ‘स्पेशल’ ३० मागतो, तेव्हा वरचा अर्धा भाग कुणासाठी, हे विचारावंच लागतं. उपाय असा: जादा सूट ऑर्डरपुरती, अंतिम ग्राहकाचं नाव लेखी, मंजुरी विक्रीबाहेरच्या माणसाची, करारात त्याची वही तपासायचा हक्क. वॉरंटी नोंदणी सक्तीची केली की माल खरंच कुठे बसला तेही कळतं. बाजाराची आतली खबर मात्र गमवावी लागते. आखातात नोंदणीकृत डिस्ट्रिब्युटर काढणं महागात पडू शकतं. युरोपात उलट, तिथे युरोपीय संघाच्या १९८६ च्या निर्देशानुसार एजंट काढला तर वर्षभराच्या सरासरी कमिशनइतकी भरपाई द्यावी लागू शकते.

पंप, व्हॉल्व्ह, सुटे भाग असा पुन्हापुन्हा खपणारा माल असेल तर आमचा कल डिस्ट्रिब्युटरकडे. तुमचा माल वेगळा असेल तर हिशेबही वेगळा निघेल. एकदाच येणाऱ्या मोठ्या निविदेला एजंट टळत नाही. तिथे टक्क्याऐवजी महिन्याची ठरलेली फी आणि पावतीवर खर्च द्यावा, खातं त्याच देशातलं आणि त्याच्याच नावाचं असावं, निविदा काढणाऱ्या सरकारी खात्यात त्याचा कुणी नातेवाईक नोकरीला आहे का ते सहीपूर्वी लेखी घ्यावं. बरेच एजंट ठरलेल्या फीला तयार होत नाहीत. अशा वेळी निविदा सोडावी लागते, आणि ते नुकसान भाव काढतानाच धरून ठेवावं.